एकाच डोळ्याची कोकरं, चौदावा दिवस आणि एक सिग्नल

इडाहो हे अमेरिकेच्या वायव्येकडचं डोंगराळ राज्य, आज बटाट्यासाठी माहीत असलेलं, पण १९५० च्या दशकात तिथे मेंढ्यांचाही मोठा धंदा होता. उन्हाळ्यात कळप वर डोंगरातल्या कुरणांवर न्यायचे, उन्हाळा संपता संपता तिथेच नर मेंढे कळपात सोडायचे, मेंढ्या गाभण राहिल्या की बर्फ पडायच्या आत खाली उतरायचं आणि थंडी सरता सरता कोकरं. सगळं वर्षानुवर्षं ठरलेलं. फक्त काही कळपांत दरवर्षी थोडी कोकरं अशी निघायची की बघवत नसे. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, नाक जागेवर नाही, असलंच तर डोळ्याच्या वर सोंडेसारखी एक नळी, वरचा जबडा आखूड. जगायची नाहीतच. एखाद्या वाईट वर्षी एखाद्या कळपात हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत जायचं.

आणि दुसरा प्रकार अजून विचित्र. काही मेंढ्या वितच नव्हत्या. मेंढीचे दिवस साधारण १४७, पाच महिन्यांच्या आत बाहेर, पण या मेंढ्या १६०, १८०, काही तर २०० दिवसांच्याही पुढे पोट घेऊन फिरायच्या, आत कोकरू वाढतच राहायचं आणि शेवटी बरेचदा आईही जायची.

मालक लोक गप्प बसायचे. त्यांना वाटायचं रक्तातच खोट आहे, आणि कळपात खोट आहे हे बाजारात कळलं तर मेंढे कोण विकत घेणार, म्हणून पुरून टाकायचं आणि विषय बंद. हे मी मुद्दाम सांगतोय कारण या प्रकरणाचा उलगडा इतका उशिरा सुरू झाला याचं एक कारण हा गप्पपणा आहे. आपल्याकडेही एका डोळ्याच्या शेळीच्या पिल्लाचा व्हिडिओ मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, खाली 'चमत्कार' किंवा 'अपशकुन' असं काहीतरी, पण त्या शेळीने गाभणपणात काय खाल्लं हे कोणी विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

शेवटी काही मालकांनी धीर करून अमेरिकेच्या कृषी खात्याकडे तक्रार नेली. खात्याची विषारी वनस्पतींवर काम करणारी लॅब युटा राज्यात लोगनला आहे, तिथल्या वेन बिन्स, लिन जेम्स आणि रिचर्ड कीलर या लोकांनी हे प्रकरण हातात घेतलं.

तपास कसा झाला

पहिला संशय अर्थातच रक्ताचा. म्हणून ज्या मेंढ्यांना अशी कोकरं झाली त्याच मेंढ्या पुन्हा फळवून बघितल्या, जवळच्या नात्यातही फळवून बघितल्या. कोकरं धडधाकट. म्हणजे आनुवंशिक नाही, निदान साध्या अर्थाने तरी नाही. मग चाऱ्यावर संशय. लॅबच्या लोकांनी उन्हाळे डोंगरात कळपाबरोबर काढले, मेंढ्या कुठे चरतात, काय खातात, कोणत्या कळपात त्रास आहे आणि कोणत्यात नाही याचा मेळ घालत. तिथल्या ओलसर उंच कुरणांवर एक वनस्पती भरपूर उगवते, व्हेराट्रम कॅलिफोर्निकम, तिकडचे लोक कॉर्न लिली म्हणतात कारण लांबून मक्यासारखी दिसते, माणसाच्या उंचीची होते. मेंढ्या ती आवडीने खातात.

ती खायला घालून बघितली आणि एका डोळ्याची कोकरं मिळाली. इथपर्यंत झालं असतं तर 'विषारी झाड सापडलं' एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण या लोकांनी पुढचा प्रश्न विचारला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात हुशार प्रश्न तोच आहे: नेमकं कधी खाल्लं तर? वेगवेगळ्या मेंढ्यांना वेगवेगळ्या दिवशी खायला घालत गेले आणि उत्तर इतकं टोकदार निघालं की विश्वास बसू नये. एका डोळ्याचं कोकरू व्हायला मेंढीने गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवशी ती वनस्पती खाल्लेली असावी लागते. आठवडाभर आधी खाल्ली तर डोळे ठीक. आठवडाभर नंतर खाल्ली तर एक डोळा होत नाही, पण गर्भ मरू शकतो. २८ ते ३१ व्या दिवसांच्या आसपास खाल्ली तर चेहरा व्यवस्थित, पायांची हाडं मात्र आखूड. ३१ ते ३३ च्या सुमाराला खाल्ली तर श्वासनलिका अरुंद, कोकरू जन्मल्यावर गुदमरून जातं.

एकच झाड, एकच विष, आणि कॅलेंडर सरकलं की वेगळाच अवयव बिघडतो. हे डोक्यात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

मालकांसाठी उपाय सोपा निघाला, औषधबिषध काही नाही. मेंढे कळपातून काढून घेतल्यावर महिनाभर तरी मेंढ्यांना त्या कुरणावर जाऊ द्यायचं नाही, किंवा पहिलं कडक दहिवर पडून ती झाडं वाळेपर्यंत थांबायचं. एवढं केल्यावर प्रश्न जवळजवळ मिटलाच. कीलर आणि बिन्सने झाडातून विष वेगळं काढलं, १९६८ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि सायक्लॉप्स या एका डोळ्याच्या ग्रीक राक्षसावरून त्याला सायक्लोपामिन म्हटलं. रचना स्टेरॉइडसारखी, कोलेस्टेरॉलच्या लांबच्या भावकीतली.

न वितणाऱ्या मेंढ्यांचं कोडंही साधारण त्याच काळात सुटलं, आणि तेही दुसऱ्याच देशात. न्यूझीलंडमध्ये मॉन्ट लिगिन्स हा बाळंतपणाचा डॉक्टर दाखवत होता की मेंढीला कळा कधी यायच्या हे आई ठरवत नाही, पोटातलं कोकरू ठरवतं, त्याच्या पिट्युटरी ग्रंथीकडून निरोप सुटतो तेव्हा. एका डोळ्याच्या कोकरांत मेंदूचा मधला भागच नीट झालेला नसतो, पिट्युटरी नसते किंवा अर्धवट असते, म्हणून निरोप देणारं कोणी नाही आणि आई वाट बघत राहते. (याच लिगिन्सच्या मेंढ्यांवरच्या कामातून पुढे १९७२ मध्ये वेळेआधीच्या बाळंतपणात आईला द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन आलं, आपल्याकडे डॉक्टर 'बाळाच्या फुफ्फुसांसाठी' म्हणून देतात ते. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

मग तीस वर्षं काहीच नाही

विष सापडलं, तारीख सापडली, पण हे विष पेशीत नेमकं कोणाला जाऊन धरतं हे कळायला १९९८ उजाडलं. दोष त्या लोकांचा नव्हता, ज्याला हे विष धरतं तो सिग्नलच, म्हणजे पेशींनी एकमेकींना द्यायचा निरोप, तेव्हा कोणाला माहीत नव्हता.

तो सापडला माशांमध्ये, म्हणजे फळांवरच्या बारीक माशांमध्ये. जर्मनीत हायडेलबर्गला क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या हजारो बिघडलेल्या वंशावळी तपासून, अळीच्या अंगाची घडण कोणकोणत्या जीनमुळे बिघडते याची यादी केली, १९८० मध्ये ती छापली, १९९५ मध्ये त्यांना एड लुइसबरोबर नोबेल मिळालं. त्या यादीतल्या एका जीनमध्ये बिघाड झाला की अळीच्या अंगावर सगळीकडे काटेच काटे, म्हणून त्या जीनचं नाव हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. मग १९९३ मध्ये क्लिफ टॅबिन, अँड्र्यू मॅकमॅहन आणि फिलिप इंगम यांच्या लॅबनी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतले हेजहॉगचे भाऊबंद शोधले, त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जीनला सेगाच्या व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव लागलं, सॉनिक हेजहॉग.

आणि १९९६ मध्ये फिलिप बीची आणि मंडळींनी उंदरात हा सॉनिक हेजहॉग जीनच काढून टाकला. जे गर्भ मिळाले त्यांना मधोमध एकच डोळा आणि वर सोंडेसारखी नळी. इडाहोच्या कोकरांचे फोटो ज्याने पाहिलेत त्याला दुसरं काही सांगायची गरज नाही. एकीकडे जीन नाही, एकीकडे झाडाचं विष, आणि चेहरा तोच. म्हणजे विष याच वाटेवर कुठेतरी आडवं येत असणार.

वाट कशी आहे

आता थोडी पेशीतली भानगड समजून घेऊ, कारण ही वाट सरळ नाही, उलटसुलट आहे, आणि पुस्तकात बाण आणि आडव्या रेघा बघून मुलं इथेच कंटाळतात.

हेजहॉग हे प्रोटीन एक पेशी बनवते आणि बाहेर सोडते. शेजारच्या पेशीच्या अंगावर दोन प्रोटीनं असतात, पॅच्ड आणि स्मूदन्ड. पॅच्ड म्हणजे ओसरीवर बसलेली आजी, स्मूदन्ड म्हणजे आतला नातू ज्याला बाहेर पळायचंय. आजी जागी आहे तोवर नातू हलत नाही. हेजहॉग म्हणजे शेजारची काकू, ती येऊन आजीला गप्पात गुंतवते आणि नातू सुटतो. लक्षात घ्या, काकू नातवाशी एक शब्द बोलत नाही. हेजहॉग स्मूदन्डला हातही लावत नाही, तो फक्त पॅच्डला धरतो.

नातू सुटला की पुढे काय, तर आपल्यासारख्या प्राण्यांत बहुतेक पेशींना बाहेर आलेला एक बारीक केस असतो, प्रायमरी सिलियम, बरीच वर्षं त्याला निरुपयोगी समजायचे. स्मूदन्ड तिथे जाऊन बसतो आणि ग्ली नावाच्या प्रोटीनांचं नशीब बदलतं. सिग्नल नसताना ग्लीला कापून त्याचा तुकडा केंद्रकात जातो आणि जीन बंद ठेवतो, सिग्नल आला की ग्ली अख्खा राहतो, केंद्रकात जातो आणि तेच जीन चालू करतो. म्हणजे सिग्नल नसणं हीसुद्धा गप्प अवस्था नाही, 'बंद ठेवा' असा रोजचा हुकूम आहे. आजी स्मूदन्डला नेमकी कशी रोखते यावर अजून वाद आहे, सध्या जोर या बाजूला आहे की पॅच्ड पेशीच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल हलवतं आणि स्मूदन्डला हवं असलेलं कोलेस्टेरॉल मिळू देत नाही.

या सगळ्यात 'डोळा' हा शब्द कुठेच आला नाही. हेजहॉगला डोळा माहीत नाही, पायही माहीत नाही. तो पोचला एवढंच पेशीला कळतं. त्याचं काय करायचं हे पेशी स्वतःच्या हिशोबाने ठरवते, ती कुठे आहे, तिच्यात त्या घडीला आधीपासून कोणते जीन उघडे आहेत त्यावर.

दोन डोळे का होतात

आपण सगळे असं धरून चालतो की डावा डोळा डावीकडे बनतो, उजवा उजवीकडे, आणि एका डोळ्याचं कोकरू म्हणजे ते दोन चुकून चिकटले. असाच वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही होता. चार्ल्स स्टॉकार्डने समुद्रातल्या एका लहान माशाची अंडी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात ठेवून एका डोळ्याची पिल्लं मिळवली होती आणि लोक भांडत होते की डोळे चिकटतात का मुळात वेगळे होतच नाहीत.

उत्तर दुसरं निघालं. गर्भ अगदी लहान असताना, मेंदू होणारा भाग अजून चपटा पत्रा असताना, त्याच्या पुढच्या टोकाला डोळा होऊ शकणाऱ्या पेशींचा एकच सलग पट्टा असतो, या कानापासून त्या कानापर्यंत म्हणा, फक्त कान अजून नसतात. त्या सगळ्या पेशींत पॅक्स-६ हा जीन चालू असतो, सगळ्या डोळा व्हायला तयार. या पट्ट्याच्या बरोबर खाली, मधल्या रेषेवर, प्रीकॉर्डल प्लेट नावाचा पेशींचा छोटा गठ्ठा सरकत येतो आणि सॉनिक हेजहॉग सोडायला लागतो. जवळच्या म्हणजे मधल्या पेशींना तो जास्त मिळतो. त्यांच्यात पॅक्स-६ बंद पडतो, पॅक्स-२ चालू होतो, आणि त्या डोळा व्हायचा नाद सोडून डोळ्याचा देठ होतात, जिथून पुढे ऑप्टिक नर्व्ह जाते, आणि अगदी मधल्या पेशी मेंदूच्या बुडाचा भाग, हायपोथॅलॅमस वगैरे. डावी-उजवीकडे सिग्नल पोचत नाही, तिथे पॅक्स-६ चालूच राहतो. त्यामुळे डोळे दोन.

म्हणजे दोन डोळे हे दोन हुकुमांचं फळ नाही, मधल्या पेशींना मिळालेल्या एका नकाराचं फळ आहे. तो नकार पोचला नाही तर अख्खा पट्टा मिळून एक डोळा बनवतो, कारण पेशींच्या बाजूने सगळं ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोकराच्या चेहऱ्याकडे बघायची नजरच बदलली, तिथे एक डोळा जास्तीचा कोणी बनवलेला नाही, पुसायचं होतं ते पुसलं गेलं नाही एवढंच.

आणि चौदावा दिवस? मेंढीच्या गर्भात हाच तो पत्रा मांडायचा काळ आहे, ज्या वेळी गर्भ आईच्या गर्भाशयाला नीट चिकटलेलासुद्धा नसतो. त्या एका-दोन दिवसांत मधल्या पेशींनी सिग्नल ऐकायचा असतो. नंतर ऐकून उपयोग नाही, त्या वेळेपर्यंत पेशींनी पुढची पायरी घेतलेली असते आणि मागे यायची सोय नसते. सिग्नल देणारा गठ्ठाच बनला नाही तरी परिणाम तोच, झेब्राफिशमध्ये एक वंश आहे ज्यात नोडल नावाचा वेगळाच सिग्नल बिघडलेला असतो, हेजहॉगचा जीन धडधाकट असूनही, पण नोडलशिवाय प्रीकॉर्डल प्लेटच धड होत नाही, म्हणून तिथेही एक डोळा.

विष कुठे बसतं

बीचीच्या लॅबला आधी एक वेगळीच शंका होती, आणि ती चांगली शंका होती. १९९६ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की हेजहॉग प्रोटीन तयार होताना त्याला शेवटी कोलेस्टेरॉलचा एक रेणू चिकटवला जातो. असं दुसरं प्रोटीन तेव्हा माहीत नव्हतं. आता सायक्लोपामिन दिसायला कोलेस्टेरॉलसारखं, म्हणजे ते बहुधा हे चिकटवणंच बिघडवत असेल आणि सिग्नल मुळात नीट बनतच नसेल. किती सरळ वाटतं ना.

तपासलं तर तसं नव्हतं. सायक्लोपामिन असतानाही हेजहॉग व्यवस्थित बनत होता, कोलेस्टेरॉल चिकटत होतं. मग कोंबडीच्या गर्भाचे तुकडे डिशमध्ये ठेवून त्यांना बाहेरून तयार हेजहॉग दिला, तरी सायक्लोपामिन असलं की पेशी प्रतिसादच देत नव्हत्या. म्हणजे बोलणारा ठीक आहे, ऐकणारा बहिरा झालाय. हे १९९८ मध्ये छापलं गेलं, त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. २००२ मध्ये नेमकी जागा कळली: सायक्लोपामिन थेट स्मूदन्डला जाऊन चिकटतं. आजीला कोणी काही केलं नाही, काकूही आली, पण नातवाचेच पाय बांधून ठेवले.

दोन्ही शक्यतांचा शेवट एकच, एक डोळा, म्हणून कोणाला वाटेल की कुठे अडलं याने काय फरक पडतो. पडतो. अडथळा ऐकणाऱ्याकडे आहे म्हटल्यावर बाहेरून कितीही सिग्नल ओतला तरी उपयोग नाही, आणि उलट, जिथे सिग्नल नसतानाही वाट उघडीच राहिली आहे तिथे हेच विष ती बंद करू शकतं. कॅन्सरवाल्यांचे कान इथे टवकारले, त्याकडे येतोच.

हाच सिग्नल दुसरीकडे

मेंढीच्या २८ व्या दिवसानंतर पाय का आखूड व्हायचे तेही यात बसतं, कारण तेव्हा पायांच्या कळ्या, म्हणजे ज्यातून पाय होतात ते फुगवटे, वाढत असतात आणि तिथेही हेजहॉगचं काम असतं. सगळ्यात जुना पुरावा कोंबडीच्या पंखाचा. १९६८ मध्ये, म्हणजे सायक्लोपामिन छापलं त्याच वर्षी, सॉन्डर्स आणि गॅसेलिंग यांनी पंखाच्या कळीच्या मागच्या कडेचा एक तुकडा कापून पुढच्या कडेला लावला आणि आरशात बघितल्यासारखी दुप्पट बोटं मिळाली. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं की त्या तुकड्यात काय आहे. १९९३ मध्ये कळलं, सॉनिक हेजहॉग बनवणाऱ्या पेशी नुसत्या पुढच्या कडेला ठेवल्या तरी तेच होतं. माणसांत काही घराण्यांत सहावं बोट येतं त्यातल्या काहींचं कारणही इथेच, हेजहॉगचा जीन चांगला असतो पण त्याला हातात कुठे चालू व्हायचं हे सांगणारा डीएनएचा तुकडा, जो जीनपासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब आहे, तिथे एखादं अक्षर बदललेलं असतं आणि सिग्नल अंगठ्याच्या बाजूलाही सुटतो.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत प्रमाणाचा खेळ. खालून हेजहॉग येतो, सगळ्यात जवळच्या पेशींना जास्त, वरच्यांना कमी कमी. जास्त मिळालं तर एक प्रकार, मध्यम मिळालं तर स्नायू हलवणाऱ्या नर्व्ह पेशी, थोडं मिळालं तर तिसराच प्रकार. किती वेळ मिळालं हेही मोजलं जातं.

आणि उलटी केस बघायची असेल तर मेक्सिकोतल्या गुहांमधले आंधळे मासे. त्यांचे नदीतले भाऊ डोळस आहेत. २००४ मध्ये यामामोतो, स्टॉक आणि जेफरी यांनी दाखवलं की गुहेतल्या माशांच्या गर्भात मधल्या रेषेवर हेजहॉग जास्त रुंद पसरतो. मग नकार जास्त दूरपर्यंत जातो, डोळा व्हायच्या पेशी कमी उरतात, आणि पुढे डोळ्याचं भिंग मरून जातं. नदीतल्या माशाच्या गर्भात जादा हेजहॉग घातला तर त्याचेही डोळे जातात. हाच वाढलेला सिग्नल तोंडाच्या भागात मात्र चवीच्या कळ्या वाढवतो, अंधारात त्यांचा फायदाच. सिग्नल कमी पडला तर मेंढीला डोळा एक, जास्त झाला तर माशाला शून्य.

कॅन्सरची बाजू

१९९६ साल या क्षेत्रात फारच गजबजलेलं. त्याच वर्षी दोन गटांनी दाखवलं की गॉर्लिन सिंड्रोम असलेल्या लोकांत, ज्यांना तरुणपणापासून त्वचेच्या बेसल सेल कॅन्सरच्या गाठी येत राहतात, पॅच्डचा जीन बिघडलेला असतो. म्हणजे आजीच नाही घरात, काकू येवो न येवो, नातू कायम बाहेर. नंतर कळलं की ज्यांना गॉर्लिन नाही त्यांच्या बेसल सेल कॅन्सरमध्येही बहुतेक वेळा हीच वाट उघडी राहिलेली असते. लहान मुलांत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीच्या एका गटातही तेच.

मग २०१२ च्या जानेवारीत व्हिस्मोडेजिब या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली, स्मूदन्ड रोखणारी, ऑपरेशन न करता येणाऱ्या किंवा पसरलेल्या बेसल सेल कॅन्सरसाठी. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली त्यात पसरलेल्या रोगात ३० टक्के आणि जागेवरच वाढलेल्या रोगात ४३ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. इंटरनेटवर हे 'विषारी झाडापासून कॅन्सरचं औषध' असं सांगितलं जातं आणि मला ते खटकतं. व्हिस्मोडेजिब झाडापासून काढलेलं नाही, सायक्लोपामिनचं सुधारित रूपही नाही. ते कृत्रिम रेणूंच्या चाळणीतून निघालं. सायक्लोपामिन पाण्यात नीट विरघळत नाही, पोटातल्या आम्लात टिकत नाही (मेंढीच्या पहिल्या पोटात ते आम्ल नसतं, म्हणून तिथे टिकतं), औषध म्हणून वाईटच. झाडाने दिला तो पत्ता, की दार इथे आहे.

खरंच सायक्लोपामिनपासून बनवलेलं एक औषध होतं, सॅरिडेजिब, ते स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर वापरून बघितलं आणि २०१२ मध्येच चाचणी थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होती. आता असं दिसतं की तिथे हेजहॉग कॅन्सरच्या पेशी ऐकत नसतात, त्या नुसत्या बोलतात, ऐकतात आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशी, आणि उंदरांवरच्या कामावरून तरी वाटतं की त्या पेशींचं आवरण गाठीला थोडं रोखूनही धरत असतं. ते काढलं की गाठ मोकळी. त्वचेत जे चाललं ते स्वादुपिंडात उलटलं, कारण ऐकणारे वेगळे.

जिथे व्हिस्मोडेजिब चालते तिथेही ती कायमची नाही. २००९ मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणाची केस छापली होती, मेड्युलोब्लास्टोमा अंगभर पसरलेला, गोळीने गाठी झपाट्याने विरघळल्या आणि काही महिन्यांतच परत आल्या. परत आलेल्या गाठीत स्मूदन्डचं एक अमिनो आम्ल बदललं होतं, गोळीला बसायला जागाच नाही. आणि दुष्परिणाम बघा, केस गळतात, जिभेची चव जाते, पायात गोळे येतात. केसांची मुळं आणि चवीच्या कळ्या मोठेपणीही याच सिग्नलवर नव्या होत असतात, म्हणून पहिले दोन तरी अगदी अपेक्षित. लहान मुलांना दिलं तर हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होऊ शकतात. गरोदरपणात तर सक्त मनाई, गोळी घेणाऱ्या पुरुषांनाही कंडोम वापरायला सांगतात, रक्तदान बंद. इडाहोच्या चौदाव्या दिवसाची भीती त्या डबीवर छापलेली आहे.

माणसांत

माणसांत या बिघाडाला होलोप्रोसेनसेफली म्हणतात, मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत नीट न विभागणं. गर्भधारणेच्या सुरुवातीला हे अंदाजे २५० गर्भांत एकाला असतं, पण जवळजवळ सगळे गर्भ आपोआप पडतात, जन्माला येणाऱ्या बाळांत प्रमाण दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. १९९६ मध्येच (परत तेच वर्ष) काही घराण्यांत याचं कारण सॉनिक हेजहॉगमधला बिघाड असल्याचं कळलं.

इथे उंदीर आणि माणूस वेगळे पडतात. उंदराला जीनची एक प्रत बिघडलेली असली तरी चालतं, माणसाला एक बिघडलेली प्रतसुद्धा पुरते. आणि पुरतेच असंही नाही. एकाच घरात, एकच बिघाड, आणि एका मुलाचा मेंदू दोन अर्धांत विभागलेलाच नाही, आणि त्याच्या आईला फक्त वरचे पुढचे दोन दात असायला हवेत तिथे मधोमध एकच दात आहे, बाकी ती ठणठणीत. तिला बाळ होईपर्यंत माहीतही नसतं. अर्धा सिग्नल म्हणजे बरोबर काठावरचा सिग्नल, त्यात दुसरं काय येऊन मिळतं त्यावर कोण कुठल्या बाजूला पडेल ते ठरतं. म्हणून अशा घरात जेनेटिक सल्ला देताना डॉक्टर आईबापांचे दात बघतात, डोळ्यांमधलं अंतर मोजतात.

काय येऊन मिळतं यातली सगळ्यात ठोस गोष्ट आईचा डायबिटीस. गर्भधारणेच्या आधीपासून असलेला आणि नीट ताब्यात नसलेला डायबिटीस हा धोका कित्येक पटींनी वाढवतो. आपल्याकडे कमी वयात डायबिटीस होणाऱ्यांची संख्या बघता हे लांबच्या इडाहोचं प्रकरण राहत नाही. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून जी साखर तपासतात ती गरोदरपणात नव्याने चढलेली साखर पकडायला असते, तिचा इथे संबंध नाही. मेंढीचा जो चौदावा दिवस तो माणसाचा साधारण तिसरा-चौथा आठवडा, गर्भ राहिल्यापासून मोजला तर. बऱ्याच बायकांना तोपर्यंत पाळी चुकलीय एवढंच कळलेलं असतं, सोनोग्राफी तर पुढेच. ज्या बाईला आधीपासून डायबिटीस आहे तिची एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) मूल हवंय असं ठरवतानाच खाली आणायला लागते, पहिल्या तपासणीला आल्यावर सुरुवात केली तर पेशींचं त्या जागेवरचं काम तोपर्यंत उरकलेलं असतं.